इंजिनाचे आडनाव

उत्तर इटलीत मोदेना शहरापासून थोड्याच अंतरावर मारानेल्लो नावाचे एक लहान गाव आहे. तेथील संत ब्लेझच्या चर्चची घंटा मिस्सासाठी वाजते, अंत्यविधीसाठी वाजते, सणासुदीला वाजते. आणि आणखी एका कारणासाठीही वाजते. जगाच्या पाठीवर कोठेही फॉर्म्युला वनच्या शर्यतीत फेरारीची तांबडी गाडी पहिली आली, की मारानेल्लोच्या घंटेचा नाद गावभर घुमतो. रोमला शिकत असताना २००१ सालच्या उन्हाळ्यात एका इटालियन सहाध्यायाबरोबर मी त्या गावी गेलो होतो. घंटेची ही हकीकत त्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. मी हसलो. परंतु मनात आले, उद्या माझ्या धर्मग्रामातील कोणी येऊन म्हणाले, "फादर, अमुक कंपनीची गाडी जिंकली, घंटा वाजवा," तर मी काय करीन?

उत्तर मी अजून ठरवलेले नाही. मात्र त्या गावात दोन दिवस राहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. घंटा कंपनीसाठी वाजत नाही. ज्या घरातला बाप तेथे ओतशाळेत घाम गाळतो, ज्या घरातली लेक तेथे आसनांचे चामडे शिवते, त्या घरांसाठी ती वाजते. कोळीवाड्यात पहिली होडी भरून आली की किनाऱ्यावर जो गलका होतो, त्याच जातीचा तो आनंद. एखादे नाव जेव्हा एवढ्या माणसांच्या हातांतून जाते, तेव्हा त्याला केवळ जाहिरातीचे पिल्लू म्हणता येत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण माझ्या भाच्याचे एक पत्र. पत्र म्हणण्याची माझी जुनी सवय. आले ते संगणकावरूनच. हा भाचा गेली बारा वर्षे कॅनडात टोरांटोजवळ राहतो. पहिली दोन वर्षे त्याने रात्री कचेऱ्या झाडल्या आणि दिवसा शिक्षण घेतले. आज तो एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहे. घराचे कर्ज बरेचसे फेडून झाले. लहानपणापासून उराशी बाळगलेली एक इच्छा आता त्याला पुरी करायची होती. त्याला स्पोर्ट्स कार घ्यायची होती. नवी नव्हे, जुनी. त्याच्या जन्माच्या सुमारास बनलेली. दोन गाड्या त्याने हेरून ठेवल्या होत्या. एक फेरारी ३४८, दुसरी होंडाची एनएसएक्स. "फादरमामा, तुम्हीच सांगा, कोणती घेऊ?" असे त्याने विचारले होते.

आता एका धर्मगुरूला हा प्रश्न का, असे वाचकांना वाटेल. माझ्या बहिणीलाही वाटले. त्याचे उत्तर माझ्या वडिलांपाशी आहे. आमचे बाबा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या कपड्यांना येणारा ग्रीसचा वास हा माझ्या बालपणाचा वास आहे. सुट्टीच्या दिवशी ते शेजाऱ्यांचे पंप, मोटारसायकली, केळी वाहणारे टेम्पो दुरुस्त करीत आणि मी पाने पुरवीत असे. कोणी नव्या कंपनीची गाडी मिरवू लागला की बाबा बॉनेट उघडायला सांगत, डोळे मिटून इंजिन ऐकत आणि म्हणत, "इंजिनाला आडनाव नसते." सेमिनरीत गेल्यावरही ही आवड सुटली नाही. १९९० च्या सुमारास आमच्या करमणुकीच्या खोलीत कोणा परोपकारी गृहस्थाने इंग्रजी मोटार-मासिकांचा एक गठ्ठा आणून टाकला होता. इतर बंधू फुटबॉल खेळायला जात, तेव्हा मी त्यातील आकृत्या पाहत बसे. या दोन्ही गाड्या मला प्रथम भेटल्या त्या तेथेच, कागदावर.

त्या काळी ही जोडी म्हणजे मोटारींच्या जगातील एक मोठा वाद होता. तो थोडा विस्ताराने सांगायला हवा.

होंडाने एनएसएक्स १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात मांडली आणि १९९० पासून विकायला काढली. तोपर्यंत स्पोर्ट्स कार म्हणजे लहरी घोडा, अशी समजूत होती. ती सुंदर असावी, वेगवान असावी, आणि मालकाचा छळ करणारी असावी. बसायला अडचण, मागचे दिसायचे नाही, उन्हाळ्यात इंजिन तापायचे, क्लच दाबता दाबता पायाला गोळे यायचे. आणि हे सारे सोसणे हाच जणू मालकाच्या निष्ठेचा पुरावा. होंडाचे मुख्य अभियंता शिगेरू उएहारा आणि त्यांचे सहकारी यांनी ही समजूतच नाकारली. त्यांनी गाडीचे सबंध शरीर अॅल्युमिनियमचे केले. अशा रीतीने कारखान्यात नियमितपणे बनवलेली ती जगातील पहिली गाडी. अॅल्युमिनियम हलके खरे, पण जोडायला अवघड. त्यासाठी तोचिगी प्रांतात वेगळा कारखाना उभारून निवडक कुशल कामगार तेथे नेमावे लागले. इंजिन तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, चालकाच्या पाठीमागे बसवलेले. त्याचे कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे. त्यामुळे ते मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत बिनतक्रार फिरे. चालकाची बैठक पुढे आणि काच विस्तीर्ण. त्यासाठी अमेरिकेच्या एफ-१६ या लढाऊ विमानातील वैमानिकाची काचेची खोली अभियंत्यांच्या डोळ्यांसमोर होती.

नमुना तयार झाल्यावर जपानमधील सुझुका येथे तो ब्राझीलच्या आयर्टन सेन्नाला चालवायला दिला. सेन्ना त्या वेळी होंडाच्या इंजिनावर मॅक्लारेनच्या गाडीतून शर्यती जिंकत होता. भीड न बाळगता त्याने सांगितले, की गाडीचा सांगाडा थोडा नाजूक वाटतो. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या अवघड मार्गावर मुक्काम ठोकून अभियंत्यांनी सांगाड्याचा ताठपणा सुमारे निम्म्याने वाढवला. मला या प्रसंगात सेन्नापेक्षा त्या अभियंत्यांचे अधिक कौतुक वाटते. काम संपत आले असताना कोणी उणीव दाखवली, तर ती ऐकून घेणारे थोडेच.

फेरारीची ३४८ याच सुमाराची, १९८९ ची. ३४८ म्हणजे ३.४ लिटर आणि ८ सिलिंडर. शक्ती सुमारे तीनशे अश्वशक्ती, म्हणजे एनएसएक्सपेक्षा थोडी अधिकच. दिसायला देखणी, बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारख्या आडव्या पट्ट्या. परंतु थंड असताना तिचा गिअर सहजी पडत नसे, आणि वळणावर चालकाचा अंदाज चुकला तर ती क्षमा करीत नसे. टायमिंग बेल्ट बदलायचा तर सबंध इंजिन खाली उतरवावे लागे. बाबांनी हे ऐकले असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. पट्टा बदलायला इंजिन उतरवणे म्हणजे दाढी करायला मुंडके काढण्यासारखे! अमेरिकेत एनएसएक्सची किंमत साठ हजार डॉलरांच्या आसपास होती. फेरारीसाठी त्याहून कितीतरी अधिक मोजावे लागत. मासिकांतून दोघींच्या तुलना छापून येत आणि अनेकदा जपानी गाडी वरचढ ठरे. आणि हे केवळ टीकाकारांचे मत नव्हते. १९९१ च्या अखेरीस फेरारीची सूत्रे हाती घेणाऱ्या लुका दि मोंतेझेमोलो यांनी स्वतःच ३४८ वापरून पाहिली होती, आणि तिने आपली घोर निराशा केली, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. ज्याच्या नावाची घंटा गावभर वाजते, त्याच घरच्या कर्त्याने असे म्हणावे, हे विशेष.

गॉर्डन मरे हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही, पण शर्यतीच्या गाड्या रचणाऱ्यांत ते फार मोठे. १९९० च्या दशकात जगातील सर्वांत वेगवान ठरलेली मॅक्लारेन एफ-१ ही गाडी त्यांनी रचली. ती रचण्यापूर्वी त्यांनी एनएसएक्स चालवली आणि आपल्या मनातील फेरारी, पोर्श, लॅम्बोर्गिनी या साऱ्या मापदंडांवर फुली मारली. पुढे ती गाडी त्यांनी स्वतःही कित्येक वर्षे वापरली. जाणकाराची अशी साक्ष मिळाल्यावर एनएसएक्सच्या दारात रांगा लागायला हव्या होत्या. पहिल्या वर्षी लागल्याही. नंतर त्या ओसरल्या. जपानी चलन महागले, गाडीची किंमत चढत गेली, आणि मग गिऱ्हाइकाने तोच जुना प्रश्न विचारला: एवढे पैसे होंडासाठी? जी कंपनी माझ्या शेजाऱ्याची सिव्हिक बनवते, गवत कापायचे यंत्र बनवते, तिच्यासाठी? पंधरा वर्षांत, म्हणजे २००५ पर्यंत, जगभर अठरा हजारांच्या आसपास एनएसएक्स बनल्या. उत्तम गाडीच्या मानाने हा आकडा लहानच.

येथवर वाचून माझा कल कोणीकडे आहे हे वाचकांनी ओळखले असेल. बाबांचा मुलगा दुसरे काय म्हणणार? परंतु नावाच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते बोलले नाही तर अन्याय होईल.

फेरारीचा तो काळा उधळता घोडा मुळात फेरारीचा नव्हे. पहिल्या महायुद्धातील इटालियन वैमानिक फ्रान्सेस्को बाराक्का याच्या विमानावर तो असे. बाराक्का १९१८ साली रणांगणावर पडला. १९२३ मध्ये रावेन्नाजवळची एक शर्यत जिंकणाऱ्या तरुण एन्झो फेरारीला बाराक्काच्या आईने सुचवले, की माझ्या मुलाचा घोडा तुमच्या गाडीवर लावा. एन्झोने त्याला आपल्या मोदेना शहराचा पिवळा रंग पार्श्वभूमी म्हणून दिला. पुढे एन्झोचा स्वतःचा मुलगा आल्फ्रेदो, घरातला दिनो, स्नायूंच्या असाध्य विकाराने १९५६ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला. त्याच्या स्मरणार्थ सहा सिलिंडरांची इंजिने आणि मग एक लहान, अतिशय सुबक गाडी निघाली. तिच्यावर फेरारीचा घोडा नव्हता. केवळ 'दिनो' ही अक्षरे होती. गंमत अशी, की त्या काळी ती पुष्कळांना खरी फेरारी वाटेना आणि काही मालकांनी बाजारातून घोडा आणून तिच्यावर चिकटवला! बापाने मुलाचे नाव लिहिले. गिऱ्हाइकाला बापाचे आडनाव हवे होते. आज तीच दिनो गाडी संग्राहक वाटेल ती किंमत देऊन घेतात.

एका आईचे आणि एका बापाचे दुःख ज्या चिन्हात गोठले आहे, त्याला नुसती छाप म्हणून बाजूला सारणे मला जमत नाही.

शिवाय नावाला स्वतःचे असे एक आयुष्य असते. १९८८ साली सेन्ना आणि प्रॉस्त यांच्या मॅक्लारेन-होंडा गाड्यांनी सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. एकच निसटली. १४ ऑगस्टला एन्झो फेरारी निवर्तले आणि त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच ११ सप्टेंबरला इटलीतील मोन्झाच्या शर्यतीत, अवघ्या दोन फेऱ्या उरल्या असताना, पुढे असलेल्या सेन्नाची एका मागे पडलेल्या गाडीशी टक्कर झाली. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर फेरारी आल्या. त्या दिवशी मोन्झाला जमलेल्या लोकांना कोणी अश्वशक्तीचे आकडे सांगायला गेले असते तर त्यांनी त्याला हाकलून दिले असते. आणि पुढे काय? १९७९ नंतर फेरारीच्या चालकाला विश्वविजेतेपद मिळाले ते थेट २००० साली, शूमाकरला; तेही होंडाच्या मालकीच्या सुझुकाच्या मार्गावर. मधल्या एकवीस वर्षांत ते नाव मलिन झाले का? नाही. कर्तृत्वाचा झरा आटला, तरी नावाची विहीर भरलेलीच राहिली. हे नावाचे बळ, आणि हाच त्याचा धोकाही. विहिरीचे पाणी कधी बदलले ते पोहऱ्याला कळत नाही.

पोर्शची कथा याहून निराळी. १९६३ मध्ये दाखवलेल्या ९११ या गाडीचे इंजिन मागच्या आसापलीकडे, अगदी शेपटीत. वजन तेथे असणे हे भौतिकशास्त्राला धरून नाही. म्हणून कंपनीने १९७७ साली ९२८ ही नवी गाडी काढली; इंजिन पुढे, वजन समतोल, सारे शास्त्रशुद्ध. १९७८ ची युरोपातील सर्वोत्तम गाडी म्हणून तिचा गौरवही झाला. जुनी ९११ आता बंद करायची, असे ठरत आले होते. १९८१ साली पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. एका सहकाऱ्याच्या खोलीतील तक्त्यावर ९११ ची रेघ त्याच वर्षी थांबलेली त्यांनी पाहिली, लेखणी उचलली आणि ती रेघ तक्त्याच्या बाहेर भिंतीवर ओढत नेली. शास्त्रशुद्ध ९२८ चे उत्पादन १९९५ मध्ये थांबले. ९११ आजही बनते. येथे नावाने काम बिघडवले नाही. उलट त्या नावाचा मान राखण्यासाठी अभियंत्यांच्या पिढ्यांनी वेड्या जागी बसलेल्या इंजिनाला शहाणे केले. फेरारीच्या बाबतीतही असेच घडले. ३४८ च्या जागी १९९४ मध्ये एफ-३५५ आली ती पुष्कळच सुधारून. जपानी गाडीने दाखवलेला आरसा मारानेल्लोत कोणीतरी नीट पाहिला असला पाहिजे.

जाता जाता आपल्याकडील एक आठवण. ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकरला फियाट कंपनीने २००२ साली फेरारी ३६० मोदेना भेट दिली. सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हस्ते ती दिली गेली. पुढच्या वर्षी तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून देशभर गदारोळ झाला आणि शेवटी शुल्क कंपनीने भरले. त्या सबंध चर्चेत गाडीचे शरीर कशाचे आहे, असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. ते अॅल्युमिनियमचे होते. संपूर्ण अॅल्युमिनियमची रस्त्यावरची फेरारी ही तिच्यापासूनच सुरू झाली, १९९९ मध्ये. होंडानंतर नऊ वर्षांनी.

असे सगळे मी भाच्याला लिहिले. चार पाने झाली. उत्तर आले ते चार ओळींचे. त्याने लिहिले होते, "फादरमामा, हे सगळे मला ठाऊक आहे. एनएसएक्स चांगली आहे हेही ठाऊक आहे. पण फेरारी म्हटले की समजावून सांगावे लागत नाही. मी समजावून सांगून थकलो आहे."

ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

वसईच्या माणसाला तिचा अर्थ सांगायला नको. आपली आडनावे पोर्तुगीज, भाषा मराठी, धर्म ख्रिस्ती, देश भारत. परदेशात कोणी नाव विचारले की तेथून एक व्याख्यान सुरू होते. नाही, मी पोर्तुगालचा नाही. नाही, गोव्याचाही नाही. होय, मी भारतीयच. होय, माझी मातृभाषा मराठी. नाही, आम्ही नुकतेच धर्मांतरित झालो नाही, चारशेहून अधिक वर्षे झाली. समोरचा मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न विचारतो. भाच्याने बारा वर्षे हे केले. कचेरीत, बसमध्ये, नव्या चर्चमध्ये, बायकोच्या मैत्रिणींच्या घरी. त्याला आयुष्यात एक तरी वस्तू अशी हवी होती जिच्यापुढे कोणी प्रश्नचिन्ह घेऊन उभे राहणार नाही. याला मिरवणे म्हणता येईल का? मी म्हणत नाही. मिरवणारा मनुष्य दुसऱ्यापेक्षा वर चढू पाहतो. याला फक्त इतरांच्या बरोबरीने, न बोलता उभे राहायचे होते.

आणि मी तरी कोण बोलणार? अंगात पांढरा झगा असला की अनोळखी गावातही लोक उठून जागा देतात. मी उपदेश कसा करतो, आजाऱ्याकडे वेळेवर जातो की नाही, हे त्यांना ठाऊक नसते. माझ्या आधी त्या झग्यात जे जगले, त्यांच्या पुण्याईवर मला ती खुर्ची मिळते. साध्या सदऱ्यात मी त्याच लोकांमध्ये उभाच राहतो, आणि खरे सांगायचे तर तेही मला आवडते.

तरीही मी भाच्याला पुन्हा लिहिले. या वेळी अर्धेच पान. पहिली गोष्ट अशी, की होंडालाही ही व्यथा ठाऊक होती. तुझ्या कॅनडात आणि अमेरिकेत एनएसएक्स होंडा या नावाने विकलीच गेली नाही; १९८६ पासून तेथे चालवलेल्या अक्युरा या नव्या, उंची नावाखाली ती विकली गेली. इतकी कर्तबगार गाडी बनवणाऱ्यांनाही आपले आडनाव दडवावेसे वाटले. दुसरी गोष्ट पैशांची. आज चांगल्या अवस्थेतील जुन्या एनएसएक्ससाठी पुष्कळदा ३४८ पेक्षा जास्त पैसे पडतात, हे तुझ्याच यादीत मला दिसते. म्हणजे आता नाव स्वस्त आणि गाडी महाग! पण नीट पाहिले तर हेही पूर्ण खरे नाही. सेन्ना १ मे १९९४ रोजी इमोलाच्या मार्गावर गेला. त्या मार्गाला एन्झो आणि दिनो फेरारी यांचीच नावे आहेत. साधे बूट आणि पांढरे मोजे घालून सुझुकावर एनएसएक्स पळवणारा सेन्ना आज जगभर लोक चित्रफितीत पाहतात, आणि त्या गाडीची किंमत वाढते ती त्या पांढऱ्या मोज्यांमुळेही. काल जिला नाव नव्हते, तिला आता नाव झाले आहे. तू कर्तृत्व विकत घ्यायला जाशील आणि दुकानदार तुला आठवणींचे पैसे लावील.

आणि वेगाचे म्हणशील, तर तो विषयच आता संपला. या दोन्ही गाड्यांना थांबलेल्या स्थितीतून शंभराचा वेग गाठायला पाच-सहा सेकंद लागत. आज चार माणसे आणि बाजारहाट घेऊन जाणारी विजेवरची एखादी घरगुती गाडी हे काम साडेतीन सेकंदांत करते. तेव्हा आकडे पाहू नकोस. दोन्ही गाड्या चालव. एकदा सकाळच्या थंडीत, एकदा गर्दीत, जमले तर एकदा पावसात. गाडीच्या दुरुस्तीची सगळी जुनी बिले माग. बेल्ट शेवटचा कधी बदलला ते विचार, आणि बिल नसेल तर बदललाच नाही असे धर. मेकॅनिक विकणाऱ्याचा नको, तुझा ने. माझे आजवरचे सर्वांत उपयोगी प्रवचन हेच असेल.

त्याने दोन्ही चालवल्या. फेरारीबद्दल त्याने लिहिले, की पहिली दहा मिनिटे दुसरा गिअर पडेना, तो घामाघूम झाला. मग इंजिन तापले आणि पाठीमागून जो आवाज उठला त्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आले. एका चौकात शाळकरी मुलाने त्याला पाहून टाळ्या वाजवल्या. मला वाटले, झाले, ठरले! एनएसएक्सबद्दल त्याने आधी काहीच लिहिले नाही. दोन दिवसांनी लिहिले: प्रथम तिच्यात विशेष काही वाटलेच नाही, इतकी ती सोपी. आपल्या जुन्या सिव्हिकमध्ये बसलो आहोत असे वाटले. सगळीकडचे स्वच्छ दिसत होते. मालक शेजारी बसला होता, तो म्हणाला, आणखी थोडे पुढे जाऊ. गावाबाहेर वळणावळणांचा रस्ता लागला. भाचा म्हणतो, तेथे केव्हातरी मी गाडीचा विचार करणे सोडून दिले आणि तासभर फक्त रस्ताच होता. परत आल्यावर पाहिले तर हात कोरडे.

बाबा असते तर त्यांनी फक्त हातांविषयी विचारले असते.

गाडी काळ्या रंगाची आहे. कॅनडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत ती पांघरुणाखाली गॅरेजमध्ये असते. पेट्रोल भरायला गेले की दर वेळी कोणीतरी जवळ येऊन विचारतो, ही कोणती गाडी? परवा एका म्हाताऱ्याला तो पाऊण तास सांगत उभा राहिला, अॅल्युमिनियमपासून सेन्नापर्यंत. पेट्रोल पंपाच्या मालकाने शेवटी गाडी बाजूला घ्यायला लावली.

माझ्या बहिणीची तक्रार मात्र कायम आहे. एवढ्या पैशांत दोनच माणसे बसतात, मग सून आणि नातवंडे कोठे बसणार, असे ती मला ऐकवते. जणू मीच ती गाडी बनवली. मे महिन्यात ती तिकडे जायची आहे. विमानतळावरून त्याच गाडीतून घरी नेण्याचा हट्ट भाच्याने धरला आहे. सामानाची जागा गाडीच्या मागे, इंजिनाला लागून आहे. एक मध्यम पेटी मावते, पण ती जागा तापते. बहिणीने मसाला आणि सुके बोंबील बांधायला आतापासून घेतले आहेत. मी भाच्याला कळवले आहे, की बोंबिलांची पिशवी तेवढी पुढे, आईच्या पायाशी ठेव.